नळी रोज पुसायची की हात लावायचा नाही?

या महिन्यात रायफल-बंदुकीची तीन पत्रं आली. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्यातला प्रश्न मला नाशिकमध्ये भेटेल तो नेमबाज विचारतो, आणि त्याचं उत्तर मी स्वतः एक रायफल बिघडवून शिकलो आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, ५० मीटर प्रोन (पालथं झोपून) मारते. रायफल यजमानांच्या परवान्यावरची, पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरची). २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळालं, तेव्हापासून तिनं हे फार मनावर घेतलंय. माझे सासरे फौजेतून निवृत्त झाले, वय ७६. रेंजवरून रायफल घरी आली की ते ओसरीवर बसतात आणि पुलथ्रूनं (चिंदी बांधून नळीतून ओढायच्या दोरीनं) नळी पुसतात. आधी कोरडी चिंदी, मग तेलचिंदी. एक दिवस चुकवत नाहीत. मुलीचे कोच म्हणतात, नळीला हातच लावू नका, घाण बसली की ती चांगली मारते. तिचा स्कोअर ६०९ पर्यंत गेला होता, तो तीन महिन्यांत ६०१ वर आलाय. पहिल्या दोन सीरीज (दहा-दहा गोळ्यांच्या) पडतात, मग सावरते. यजमान वडिलांपुढे बोलत नाहीत. खरं काय ते तुम्हीच सांगा.
(गंगापूर रोड, नाशिक. नाव न छापण्याची विनंती.)

उत्तर : ताई, तुमच्या घरात दोघंही खरं बोलतायत, म्हणून हे भांडण मिटत नाही.

आधी आजोबांची बाजू. ते भरती झाले तेव्हा हातात ३०३ रायफल होती. त्या जुन्या काडतुसाच्या टोपीत (बुडाशी असते ती, ठोका बसला की पेटणारी) पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटलं की नळीत मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचं सख्खं भावंड. आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते, तसंच हे मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि एका रात्रीत नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर तांबूस गंज धरतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून फायरिंग झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग चार बाय दोन इंचाची चिंदी पुलथ्रूला लावून कोरडी करायचे आणि शेवटी तेलचिंदी. पुढचे काही दिवस परत तपासायचे. हा नियम नेमासाठी नव्हता, मिठासाठी होता. आजोबांच्या उस्तादानं ते सांगितलं नसेल. फौजेत ‘का’ विचारायची पद्धत नव्हती, मलाही कुणी सांगितलं नाही.

तुमच्या मुलीच्या काडतुसात ते मीठच नाही. आजच्या पॉइंट टू टूला वेगळी टोपी नसते, पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं, आणि ते वेगळं असतं. त्यामुळे रोजच्या पुसण्याचं मुख्य कारण गेलं आणि सवय तेवढी उरली.

आता कोचची बाजू. पॉइंट टू टूची गोळी मऊ शिशाची, वर मेणासारखं वंगण लावलेली. हातात घेतली तर बोटाला चिकटपणा लागतो. मॅचचं काडतूस आवाजाच्या वेगाच्या आतच असतं, सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर. इतक्या वेगानं शिसं नळीला फारसं चिकटत नाही. गोळी जाता जाता आपलं वंगण खाचांवर पातळ लिंपून जाते. दहा-पंधरा गोळ्यांनंतर हा लेप सारखा बसतो आणि पुढच्या प्रत्येक गोळीला तीच वाट, तेच घर्षण मिळतं. लोखंडी तव्यावर पहिली भाकरी कशी चिकटते आणि तिसरी कशी अलगद सुटते, तसंच.

आजोबा हा लेप रोज संध्याकाळी पुसून काढतात आणि त्या जागी तेल लावतात. दुसऱ्या दिवशी मुलगी साइटर (स्कोअरआधीच्या चाचणीच्या गोळ्या) मारायला लागते तेव्हा पहिली गोळी तेलातून जाते, दुसरी अर्ध्या तेलातून, पाचवी-सहावी लेप बसत असताना. या सगळ्या गोळ्या तिच्या नेहमीच्या जागेपासून सरकलेल्या पडणार. ती हुशार असेल तर चार गोळ्या बघून साइटचे क्लिक (नेम सरकवायचे खटके) फिरवेल. तितक्यात लेप बसतो आणि गोळी मूळ जागी परत येते, पण क्लिक फिरलेलेच राहतात. मग ती उलटे फिरवते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि गोळी स्वतः ५.६ मिलिमीटरची. दोन चुकीचे क्लिक तिथं दशांशात दिसतात. ‘पहिल्या दोन सीरीज पडतात, मग सावरते’ हे तुमचं वाक्य वाचलं तेव्हाच मला ओसरीवरची तेलचिंदी दिसली. मुलीचा हात बिघडलेला नाही.

तरी कोचचं ‘हातच लावू नका’ मला पूर्ण मान्य नाही. पॉइंट टू टूच्या नळीत एक जागा अशी आहे जिथं घाण खरोखर बसते : चेंबर (काडतूस बसतं ती जागा) संपून खाचा सुरू होतात तिथं. जळकी दारू, वंगण, शिसं आणि काडतुसाच्या बुडातल्या मिश्रणातली काचेची पूड (हो, काच, ठोका बसल्यावर घर्षण व्हावं म्हणून घालतात) मिळून तिथं कडक काळी कडी तयार होते. दुधाच्या पातेल्याच्या कडेला साय करपून चिकटते ना, तशी. ती वाढली की काडतूस बसवताना बोल्ट जड लागतो, आणि गोळी खाचांत शिरतानाच चेपते. मग एखादी गोळी काही कारण नसताना साडेआठला जाते आणि पोरगी स्वतःला दोष देत बसते. नाशिकला भीष्मराज बाम सर होते, नेमबाजाच्या मनावर आयुष्यभर काम केलेले. मन घडवणारी माणसं मोठीच. पण त्या कडीचा कार्बन मनानं निघत नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, लाज वाटली तरी. १९८४ ला मी फौजेत आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) म्हणून भरती झालो, गाव सिन्नरकडचं. पुढे एका युनिटच्या नेमबाजी टीमच्या रायफली माझ्या ताब्यात होत्या. कोठारातला कामाचा ओटा भिंतीला टेकलेला, त्यामुळे नळीत मागून गज घालायला जागाच नव्हती. मी तोंडाकडून घालायचो. तीन तुकडे जोडायचा ॲल्युमिनियमचा गज होता तो. रोज, न चुकता, दोन वर्षं. साहेब बघून जायचे, नळी आरशासारखी चमकायची, शाबासकी मिळायची. पुढे टीममधला एक जवान तक्रार करू लागला की रायफल फाकते, गोळ्या एकत्र पडत नाहीत. मी म्हटलं, तूच फाकतोस.

शेवटी एका जुन्या सुभेदारांनी नळीचं तोंड भिंगाखाली धरलं आणि मला बघायला लावलं. नळीच्या तोंडाशी खाचा जिथं संपतात, त्या कडेला आम्ही क्राउन म्हणतो. गोळीला नळीचा शेवटचा स्पर्श तिथं होतो. चांगल्या क्राउनवर फायरिंगनंतर काजळीची नक्षी सारखी उमटते, पाकळ्या मोजून घ्याव्यात अशी. माझ्या रायफलवर खालच्या डाव्या बाजूची पाकळी पसरून फिस्कटलेली होती आणि तिथली कड चकचकीत, गोलसर झालेली. गज रोज त्याच जागी टेकत होता. ॲल्युमिनियम मऊ, त्यात धुळीचा कण रुततो आणि गजाची कानस होते. कड झिजली की गोळी सुटताना वायू एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का बसतो. लेथवर तोंड काही मिलिमीटर कापून क्राउन नवा करावा लागला तेव्हा रायफल ताळ्यावर आली. ती नळी घाणीनं बिघडली नव्हती, माझ्या निष्ठेनं बिघडली होती. पुलथ्रूचंही तेच. दोरी तिरकी ओढली की तोंडाची एकच बाजू घासत जाते. ब्रिटिशांच्या काळातल्या कितीतरी ३०३ रायफलींची तोंडं अशीच दोरीनं झिजलेली आहेत. तुमच्या रायफलचं तोंड एकदा भिंगाखाली बघाच.

तर किती वेळा? ही माझी पद्धत, दगडावरची रेघ नव्हे. साधारण ५०० गोळ्यांनी फक्त चेंबर आणि त्या कडीची जागा साफ करायची. पूर्ण नळी हजारेक गोळ्यांनी, किंवा टार्गेट सांगेल तेव्हा. टार्गेट सांगतं म्हणजे काय, हे वहीत लिहून ठेवलं तरच कळतं. रायफल नीट चालत असताना, टेकू देऊन, एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) काडतुसांनी, वारा नसताना दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप मारा, मोजा, तारीख घाला. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काही ठरवू नका, तो नशिबानंही लहान येतो. दर महिन्याला तेच करा. ग्रुप मोठा होऊ लागला तर आधी स्क्रू आवळलेत का बघा, मग काडतुसाचा लॉट बदलला का बघा, आणि त्यानंतर नळीकडे जा. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या काडतुसांच्या दोन लॉटमध्ये जो फरक पडतो, तो पुष्कळदा साफसफाईच्या फरकापेक्षा मोठा असतो. काडतुसाची कंपनी बदलली तर वंगणही बदलतं. तेव्हा नवा लेप बसेपर्यंत वीसेक गोळ्या नुसत्याच मारायच्या, त्यावरून मत बनवायचं नाही.

पूर्ण साफ करायची वेळ आली की यजमानांना असं करायला सांगा. बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि करंगळीनं चाचपा. रायफल स्टँडवर अशी ठेवा की नळीचं तोंड किंचित खाली राहील, नाहीतर सॉल्व्हंट उलटं वाहून घोड्याच्या यंत्रणेत उतरतं आणि मग घोड्याचा भार बदलला म्हणून नवं पत्र येतं. गज अखंड घ्या, वर प्लॅस्टिकचा मुलामा असलेला किंवा कार्बन फायबरचा, आणि बोल्टच्या जागी गाइड बसवा म्हणजे गज मधोमध चालेल. चिंदी मेनरोडवर मीटरनं मिळणाऱ्या पांढऱ्या सुती फ्लॅनेलची कापा. चिंदी मागून घालून पुढं ढकलायची, तोंडाबाहेर पडली की तिथंच काढून टाकायची. मळकी चिंदी परत मागे ओढायची नाही, आणलेली घाण परत कशाला न्यायची?

दोन-तीन चिंद्या सॉल्व्हंटच्या, मग दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. ब्राँझचा ब्रश फक्त त्या कडीपाशी, आणि तो नळीत असताना मध्येच दिशा बदलायची नाही. पहिली चिंदी काळीकुट्ट येईल, तिच्यावर शिशाच्या चमकदार चकत्या दिसतील. तिसरी राखाडी. पाचवी-सहावी थोडी मळकी आली की थांबा. पांढरीशुभ्र येईपर्यंत घासायचा हट्ट हा हाताचा चाळा आहे. शेवटी दोन कोरड्या चिंद्या. हे काम स्पर्धेच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा, आणि नंतर सरावात चाळीस-पन्नास गोळ्या जाऊ द्या. पहिल्या पंधरा गोळ्यांना क्लिकला हात लावायचा नाही, हे मुलीला बजावा.

नाशिकचा पावसाळा मात्र वेगळा हिशोब मागतो. गंगापूर धरणाकडून झड लागली की चार दिवस घरात कपडे वाळत नाहीत, तिथं रायफल कशी वाळेल? नळीपेक्षा बाहेरचं लोखंड, बोल्ट आणि साइटचे स्क्रू आधी गंजतात. एसी गाडीतून थंड झालेली रायफल दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं. पेटी बंदच ठेवून अर्धा तास थांबा, मग उघडा. घरी आल्यावर पेटीत ठेवू नका. पेटीतला फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. पुसून, बोल्ट वेगळा करून, कुलपाच्या कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. परीक्षेमुळे महिनाभर रायफल बंद राहणार असेल तेव्हा आजोबांची तेलचिंदी जरूर फिरवा. पुन्हा मारण्याआधी दोन कोरड्या चिंद्यांनी ते तेल पूर्ण काढा, एवढंच.

आजोबांना एकदम ‘पुसू नका’ म्हणू नका. वर्षानुवर्षांचा हात आहे तो. त्यांना बाहेरचं लोखंड पुसायला द्या, चिंद्या कापायला द्या आणि गोळ्यांची वही सांभाळायला द्या. फौजी माणूस वही चोख ठेवतो. आणि त्यांना म्हणावं, मिठाची गोष्ट जेल रोडच्या एका आर्मररनं सांगितली. ते वाद घालायला मला फोन करतील. करू देत.

प्रश्न : मी दहा मीटर एअर रायफल मारतो. मित्र म्हणतो, प्रत्येक सरावानंतर नळीत तेलाचा थेंब सोडायचा, त्यानं छर्रा सरळ जातो. सोडू का?
(पंचवटी)

उत्तर : नको. एअर रायफलमध्ये दारू नाही, म्हणून काजळी नाही. छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटरच्या आतबाहेर जातो, मागे थोडं शिसं आणि ग्रॅफाइटची पूड सोडतो, बस. तेल टाकलंत तर पुढचे कितीतरी छर्रे भरकटतील. तुमच्या टार्गेटवरचं दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, तिथं ही चैन परवडत नाही. स्प्रिंगच्या रायफलीत तर तेलाची वाफ दाबानं पेटते, धाडकन आवाज होतो आणि स्प्रिंग, सील दोन्हींचं आयुष्य घटतं.

५०० छर्ऱ्यांचा डबा संपला की फेल्टच्या दोन-तीन कोरड्या गोळ्या एकत्र सोडा, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीला तेवढं पुरतं. स्प्रिंगची असेल तर हलकी फेल्ट तशी मारू नका, पुढं रोध नसल्यानं पिस्टन आपटतो. तिथं मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याला चिंदी बांधून मागून पुढं सरळ ओढा. मित्राच्या तेलाच्या बाटलीचा उपयोग सायकलच्या चेनला होईल.

प्रश्न : आमची वडिलांपासूनची परवान्याची बारा बोअर दुनळी आहे, पिकाच्या राखणीसाठी. वर्षातून एकदा काढतो. दरवेळी आतून तांबडी दिसते. खोबरेल लावतो, तरी हाच प्रकार. नेमावर परिणाम होईल का?
(पेठ तालुका)

उत्तर : भाऊ, नेमाची चिंता सोडा. बारा बोअरच्या नळीला आत पीळ नसतो. छर्ऱ्यांचा पसारा थोड्या गंजानं तुमच्या बांधावर तरी कळून येणार नाही. काळजी दुसरीच आहे. गंज खोल गेला, आत खड्डे पडले, की नळीची भिंत पातळ होते. नखानं जाणवतील एवढे खड्डे असतील तर ती बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय भरू नका.

खोबरेल बंद करा. पेठ-हरसूलच्या थंडीत ते थिजून पांढरं होतं, उन्हाळ्यात पातळ होऊन निथळतं, आणि जुनं झालं की खवट होऊन धूळ धरतं. शिवणयंत्राचं साधं पातळ तेलसुद्धा त्याहून बरं. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला, आणि दिवाळीला एकदा गजाला सुती चिंदी गुंडाळून आतून पुसा आणि तेलाचा नुसता हात फिरवा. कातड्याच्या म्यानात ठेवत असाल तर बाहेर काढा, कातडं ओल धरतं. शेजाऱ्याकडे ठासणीची असेल तर तिचा नियम वेगळा : काळ्या दारूची राख पाण्यानंच निघते, गरम पाण्यानं धुवून चुलीशेजारी नव्हे, उन्हात वाळवायची आणि मग तेल.

आणि एक गोष्ट प्रत्येक वेळी. वर्षभर उभी असलेली बंदूक हातात घेतली की आधी मोडून, रिकामी असल्याची खात्री करून, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघा. कुंभारीण माशीला बोटभर भोक म्हणजे आयतं घर. ती आत मातीचं घरटं लिंपते, बाहेरून काही दिसत नाही. तशाच नळीत काडतूस घालून घोडा दाबला तर नळी तुमच्या डाव्या हातापाशी फाटेल. एका शेतकऱ्याच्या नळीतून मी गजानं अख्खं घरटं ढकलून काढलं आहे. चांगलं तीन बोटं लांब, आत अळ्यांसाठी साठवलेल्या कोळ्यांसकट.